जरंडेश्वर झाकणारा धूर पंजाबचा की शेजारच्या फडाचा?

धूर, वणवे आणि उपग्रह यांविषयी सातारा-सांगली भागातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या बहुतेक शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. आमचे गाव कोरेगाव तालुक्यात आहे. जानेवारी-फेब्रुवारीत कित्येक दिवस सकाळी नऊ वाजेपर्यंत जरंडेश्वराचा डोंगर दिसत नाही, हवेला जळकट वास येतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना खोकला लागतो. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक उपग्रहचित्र फिरत आहे. त्यात उत्तर भारतावर करडा पट्टा दिसतो, आणि पंजाबातल्या शेतांचा धूर साताऱ्यापर्यंत पोहोचला आहे, असे त्याखाली लिहिले आहे. हे खरे मानावे काय?
– एक शेतकरी, कोरेगाव तालुका

उत्तर : मानू नये. न मानण्याचे पहिले कारण तर उपग्रहाकडे न जाता भिंतीवरच्या कॅलेंडरातच सापडते. पंजाब-हरियाणात भाताची काढणी झाल्यावर शेतातला पेंढा आणि धसकटे जाळली जातात ती साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत, आणि गव्हाचे काड जाळले जाते ते एप्रिलच्या उत्तरार्धात व मेमध्ये. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडच्या शेतांत गहू उभा असतो. त्या दिवसांत उत्तर भारतावर जो करडा-पांढरा पट्टा दिसतो, तो मुख्यतः गंगेच्या मैदानावर साचून राहिलेल्या धुक्याचा आणि त्यात मिसळलेल्या धुराचा असतो. तुमच्या गटावरचे चित्र खोटे असेल असे नाही. पण त्याखालची ओळ लिहिणाऱ्याने चित्र कोणत्या तारखेचे आहे हे पाहिलेले दिसत नाही.

दुसरे कारण अंतराचे आणि वाऱ्याचे. लुधियानापासून सातारा सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. ताशी 20 किलोमीटरचा वारा न थांबता, न वळता आपल्या दिशेने वाहिला, तरी धुराला इथवर यायला तीन दिवस लागतील. म्हणजे हा दावा खरा असेल, तर लागोपाठच्या तीन दिवसांच्या चित्रांत तो पट्टा राजस्थान, मग गुजरात किंवा माळवा, मग खानदेश असा सरकत खाली येताना दिसला पाहिजे. एकाच चित्रावरून धूर कोठून आला हे कोणीही सांगू शकत नाही, तज्ज्ञही नाही. चित्रात धूर असतो, त्याची चाल नसते. चाल पाहण्यासाठी चित्रांची मालिका लागते, आणि तिच्या जोडीला वाऱ्याच्या नोंदी लागतात. अमेरिकेच्या सागरी व वातावरण संस्थेची, म्हणजे नोआची, हायस्प्लिट नावाची एक संगणकीय पद्धत आहे. तीत आपले ठिकाण, वेळ आणि जमिनीपासूनची उंची भरली, की त्या जागेवरची हवा मागचे दोन-तीन दिवस कोणत्या वाटेने आली ती रेषा मिळते. ही गणना कोणालाही मोफत करता येते. मात्र 100 मीटर उंचीवरची हवा आणि 1500 मीटर उंचीवरची हवा पुष्कळदा दोन वेगळ्या दिशांनी आलेली असते, त्यामुळे एकाच रेषेवर विसंबणे बरे नव्हे. मी नेहमी तीन उंचींवर गणना करून पाहतो आणि तिन्ही रेषा फाकल्या, तर निष्कर्ष काढण्याच्या भानगडीत पडत नाही.

आता धूर पंजाबचा नाही तर कोणाचा, हे पाहू. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. शिवाय डोंगरउतारांवरची गार हवा रात्रभर खोऱ्यात उतरत राहते. कृष्णेचे किंवा वसनेचे खोरे अशा रात्री तळाशी भरलेल्या परातीसारखे होते. संध्याकाळी जे जळते, मग तो तोडणी झालेल्या उसाच्या फडातला पाचट असो, गुऱ्हाळाची चुलवण असो, पाणी तापवायचे बंब असोत की गावाबाहेर पेटवलेला कचरा असो, त्या सगळ्याचा धूर या झाकणाखाली रात्रभर अडकून राहतो. सूर्य वर आला, जमीन तापली, हवा उसळू लागली, की नऊ-दहाच्या सुमारास झाकण फुटते, धूर वरच्या हवेत मिसळून विरळ होतो आणि जरंडेश्वर दिसू लागतो. तुमच्या पत्रातली ‘नऊ वाजेपर्यंत’ ही वेळच पुष्कळ सांगून जाते. दीड हजार किलोमीटरवरून उंच हवेतून आलेला धूर घड्याळ पाहून नऊला नाहीसा होत नाही. तो दिवसभर आकाश मळकट ठेवतो.

एक साधी परीक्षा तुम्ही घरीच करू शकता. माझे आजोळ वाळवा तालुक्यातले. तेथे गळीत हंगामात आम्ही स्टीलची एक पांढरी स्वच्छ ताटली रात्रभर गच्चीवर ठेवली होती. सकाळी तीत काळ्या वळकट्या पडलेल्या मिळाल्या, काही बोटाच्या पेराएवढ्या लांब. भिंगाखाली त्यांवर उसाच्या पानाच्या समांतर शिरा स्पष्ट दिसत होत्या, आणि बोट लावताच त्यांची काजळ झाली. अशी काजळी इतकी मोठी आणि जड असते, की ती फार लांब जाऊ शकत नाही. ती ताटलीत पडली म्हणजे फड जवळपासचाच. दूरवर जातो तो धुरातला बारीक भाग, ज्याचे कण एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून कल्पना यावी.

मग हा सकाळचा धूर उपग्रहचित्रात का दिसत नाही, असे तुम्ही विचाराल. दिवसाकाठी स्पष्ट रंगीत चित्र देणारे नासा आणि नोआ यांचे बहुतेक उपग्रह आपल्यावरून जातात तेव्हा घड्याळात दुपारचे दीडच्या आसपास वाजलेले असतात. ते येईपर्यंत तुमचा धूर पांगलेला असतो. दुपारच्या चित्रात कोरेगाव स्वच्छ दिसले, म्हणून सकाळची हवा स्वच्छ होती असे होत नाही.

प्रश्न : मी द्राक्षबागायतदार आहे. छाटणीनंतरच्या दिवसांत पहाटे धुके असेल तर दावण्या या बुरशीच्या रोगाची भीती, आणि नुसता धूर असेल तर फवारणीची घाई नाही. उपग्रहचित्रात पांढरे-करडे दिसणारे धुके कोणते आणि धूर कोणता, हे ओळखता येते का?
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर : येते, पण दोन्ही एकत्र असतील तेव्हा फसगत होते, आणि हिवाळ्यात ती एकत्र असण्याचे दिवसच जास्त.

धुके म्हणजे पाण्याचे थेंब. उपग्रहाच्या रंगीत चित्रात ते दुधासारखे पांढरे, सपाट पृष्ठभागाचे दिसते आणि त्याच्या कडा नदीच्या व डोंगराच्या रेषेने कातरल्यासारख्या स्पष्ट असतात. ऊन वाढले की ते कडांकडून आत आटत जाते. धुराचा रंग करडा किंवा तपकिरी-निळसर असतो, कडा विरलेल्या असतात आणि त्यातून खालची शेते-रस्ते अंधुक का होईना दिसतात. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब तरंगलांबीच्या, किरणांत हा फरक आणखी स्पष्ट होतो. धुराचे कण इतके बारीक असतात की लांब तरंगलांबीचे किरण त्यांना जवळजवळ जुमानत नाहीत आणि आरपार जातात. ढग किंवा दाट धुके त्यांना अडवते. म्हणून साध्या चित्रात झाकलेला आणि अवरक्त चित्रात उघडा दिसणारा प्रदेश धुराखाली आहे, असे धरता येते.

तुमच्या कामाची वेळ पहाटेची, म्हणून दुपारी येणारे उपग्रह तुम्हाला उपयोगाचे नाहीत. तुम्हाला भूस्थिर उपग्रह पाहावे लागतील. भारताचे इन्सॅट-3डीआर (2016) आणि इन्सॅट-3डीएस (2024) हे विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून एकाच जागी राहिल्यासारखे आपल्याकडे पाहत असतात आणि दर अर्ध्या तासाला चित्र घेतात. रात्री त्यांच्या दोन अवरक्त पट्ट्यांतल्या तापमानाच्या फरकावरून धुके वेगळे काढतात, कारण धुक्याचे लहान थेंब सुमारे 4 मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात 11 मायक्रॉनच्या पट्ट्यापेक्षा थंड भासतात. अडचण एवढीच, की या पट्ट्यांत त्यांचा एक पिक्सेल 4 किलोमीटरचा असतो. म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्यात सुमारे 4,000 एकर येतात. तासगावच्या ओढ्याकाठच्या चार बागांवरचे धुके त्यात दिसणार नाही. त्यासाठी बागेतल्या पानावर हात फिरवून पाहणे हेच जास्त भरवशाचे, असे माझे मत आहे.

धूर पाहायचाच असेल, तर इन्सॅटची सूर्योदयानंतरची आणि सूर्यास्तापूर्वीची चित्रे पाहावीत. जुन्या वाड्याच्या माजघरात झरोक्यातून तिरपे ऊन येते, तेव्हा चुलीचा धूर कसा दिसतो ते आठवा. उन्हाकडे पाठ करून उभे राहिले तर धूर दिसतच नाही, आणि झरोक्याकडे तोंड केले की तो उजळून निघतो. बारीक कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात, म्हणून सूर्य क्षितिजाजवळ असताना उपग्रहालाही पातळ धूर ठळक दिसतो आणि भर दुपारी तोच धूर जमिनीच्या रंगात विरून जातो.

प्रश्न : आमच्या डोंगरावर मार्चमध्ये संध्याकाळी पाचला वणवा लागला. गावातल्या पोरांनी ओल्या डहाळ्यांनी बडवून तासा-दीड तासात तो विझवला. वनरक्षक म्हणाले की त्यांच्या मोबाइलवर उपग्रहाचा संदेश आलाच नाही. मात्र आदल्या आठवड्यात शेजारच्या वाडीत दुपारी तरवा (भाताच्या रोपांसाठीचे वाफे) भाजत होते, तर लगेच संदेश आला आणि लोकांना उगाच बोलणी बसली. उपग्रहाला मोठा वणवा दिसत नाही आणि तरव्याची आग दिसते, हे कसे?
– एक ग्रामस्थ, पाटण तालुका

उत्तर : तुमच्या दोन्ही आगींच्या वेळा पत्रात दिल्यात, म्हणून उत्तर सोपे झाले.

आगीचे हे ठिपके प्रामुख्याने दोन संवेदकांकडून येतात. टेरा (1999) व अ‍ॅक्वा (2002) या उपग्रहांवरील मोडिस, आणि सुओमी एनपीपी (2011), नोआ-20 (2017) व नोआ-21 (2022) यांवरील व्हिर्स. भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून मोडिसच्या आणि 2017 पासून व्हिर्सच्या आधारे राज्यांच्या वनविभागांना वणव्याचे इशारे देते, आणि ते संदेशाने बीटाच्या, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीच्या, पातळीपर्यंत पोहोचतात. व्हिर्स असलेले उपग्रह आपल्यावरून जातात ते दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या मागेपुढे. संध्याकाळी पाचला लागलेली आणि साडेसहाला विझलेली आग दोन फेऱ्यांच्या बरोबर मध्ये पडली. पोरांनी ती विझवली नसती, तर रात्री दीडला ती बहुधा दिसली असती. म्हणजे संदेश न येण्याचे श्रेय एका अर्थी त्यांच्याकडेच जाते.

तरव्याच्या भाजणीचे उलटे झाले. ती भर दुपारी, उपग्रहाच्या वेळेला, आणि बहुधा उतारावरच्या अनेक वाफ्यांत एकाच वेळी चालू होती. त्यातच आग ओळखण्याची पद्धत अशी आहे, की आग पूर्ण पिक्सेलभर पसरलेली असण्याची गरज नसते. तापलेली जमीन तिची उष्णता मुख्यतः 10 मायक्रॉनच्या आसपास बाहेर टाकते, तर हजार केल्विनच्या (सुमारे सातशे अंश सेल्सिअसच्या) ज्वाळा 3 ते 4 मायक्रॉनच्या पट्ट्यात प्रखर असतात. त्यामुळे व्हिर्सच्या 375 मीटरच्या, म्हणजे सुमारे 35 एकरांच्या, चौकोनात एखाद्या कोपऱ्यात जरी चांगल्या ज्वाळा असतील, तरी 4 मायक्रॉनच्या पट्ट्यात तो चौकोन शेजाऱ्यांपेक्षा उठून दिसतो. ती आग वणव्याची की तरव्याची, हे मात्र उपग्रहाला कळत नाही. ठिपकाही आगीवर नसून चौकोनाच्या मध्यभागी काढलेला असतो, आणि उपग्रहाच्या दृष्टिक्षेत्राच्या कडेला हा चौकोन आणखी मोठा होतो. घाटमाथ्यावर एवढ्या अंतरात कड्याची वरची आणि खालची बाजू दोन्ही येतात. म्हणून ठिपका पाहून कोणाला बोल लावण्याआधी माणसाने जागेवर जायला हवे.

मी स्वतः या ठिपक्यांनी एकदा चांगला फसलो आहे. नासाच्या फर्म्स नावाच्या नकाशावर कऱ्हाडच्या बाजूला रोज रात्री त्याच जागी एक लाल ठिपका दिसत होता. कोणीतरी रोज शेत पेटवते, अशी माझी खात्री झाली, आणि एका परिचितांना मी तसे सांगूनही टाकले. आठवड्याने जाऊन पाहिले, तर ती एका कारखान्याची भट्टी निघाली. रोज एकाच जागी दिसणारी आग ही आग नसते, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसले.

तुमच्या डोंगरावर नेमके किती जळले ते पाहायचे असेल, तर युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रे पाहा. ती 10 मीटरपर्यंत बारकावा दाखवतात आणि साधारण पाच दिवसांनी एकदा मिळतात. गवताळ उतारावरचा जळिताचा काळा डाग, वनविभागाने आधी काढलेली जाळरेषा (आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळा केलेला पट्टा) कोठे टिकली आणि कोठे आग तिच्यावरून उडी मारून गेली, हे त्यात बघता येते. मात्र गवती वणव्याचा धूर पातळ असतो, आणि दुपारचा पश्चिमेकडचा वारा घाट ओलांडून तो पूर्वेकडे पांगवतो; 250 मीटरच्या रोजच्या चित्रात तो क्वचितच ओळखू येतो. सह्याद्रीच्या बाबतीत धुरावरून आग शोधण्यापेक्षा आगीच्या ठिपक्यावरून धूर कोठे गेला असेल याचा अंदाज घेणे जास्त व्यवहार्य आहे.

प्रश्न : माझा मुलगा टोरांटोला असतो. जून 2023 मध्ये तेथे जंगले जळाली तेव्हा तो म्हणाला होता की हा धूर युरोपात पोहोचल्याचे उपग्रहाने दाखवले. इतक्या दूरचा धूर ओळखतात कसा? आणि तो सांगलीला येऊ शकतो का?
– एक आई, सांगली

उत्तर : तुमच्या चिरंजीवांनी सांगितले ते बरोबर आहे. 2023 च्या हंगामात कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात क्वेबेकचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि तेथले आकाश नारिंगी झाले. जूनच्या अखेरीस धूर अटलांटिक ओलांडून पोर्तुगाल-स्पेनवर पोहोचला.

याचा माग अनेक उपग्रहांनी मिळून काढला. अमेरिकेचे भूस्थिर गोज उपग्रह काही मिनिटांनी एकदा चित्र घेतात, त्यामुळे धुराचे लोट चलच्चित्रासारखे सरकताना दिसतात. नोआमध्ये प्रशिक्षित विश्लेषक ही चित्रे पाहून नकाशावर धुराच्या सीमा हाताने आखतात आणि त्याला पातळ, मध्यम, दाट अशा श्रेणी देतात. इतक्या संगणकांच्या काळातही हे काम माणसाच्या डोळ्यावर चालते, याचे मला कौतुक वाटते. महासागरावर ढगांत धूर हरवला, की वायूंची मदत होते. सेंटिनेल-5पी (2017) हा उपग्रह कार्बन मोनॉक्साइड मोजतो. हा वायू हवेत आठवडे टिकतो, म्हणून कण पावसात धुऊन गेले तरी धुराची वाट त्याच्यामुळे कळते. उंची मोजण्यासाठी वरून लेसरचा झोत सोडणारे उपग्रह आहेत. कॅलिप्सोने 2006 ते 2023 ते काम केले, आणि 2024 मध्ये गेलेला अर्थकेअर आता ते करतो.

सगळे उंचीवर ठरते. चुलीचा धूर आढ्यापर्यंत जातो, पण प्रचंड वणव्याची उष्णता स्वतःचे गडगडाटी ढग तयार करते आणि धूर विमाने उडतात तेवढ्या किंवा त्याहून अधिक उंचीवर नेते. तेथे वारे जोरदार आणि पाऊस नाही. 2019-20 मध्ये ऑस्ट्रेलियातला धूर पॅसिफिक ओलांडून चिली-अर्जेंटिनापर्यंत गेला, आणि त्याचा एक भाग तर उन्हाने तापत तापत 30 किलोमीटरच्या वर चढला व पृथ्वीला वळसा घालून आला.

सांगलीची काळजी मात्र करू नका. कॅनडाचा धूर नेणारे वारे उत्तरेच्या वरच्या अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सांगली 17 अंशांवर आहे, आणि जून ते ऑगस्टमध्ये आपल्याकडे खाली अरबी समुद्राचा नैऋत्य वारा व पाऊस, तर फार उंचावर उलट पूर्वेकडून येणारा जोराचा प्रवाह असतो. सांगलीच्या माणसाच्या नाकापर्यंत तो धूर येण्याला वाटच नाही.

प्रश्न : मोबाइलवरचे अ‍ॅप मिरजेची हवा ‘चांगली’ दाखवते आणि अंगणात धुराने डोळे चुरचुरतात. खोटे कोण?
– एक गृहिणी, मिरज

उत्तर : डोळे खोटे बोलत नाहीत. पुष्कळ अ‍ॅप जेथे मोजणीचे यंत्र नाही तेथे उपग्रह आणि संगणकीय गणना यांवरून अंदाज दाखवतात. उपग्रह मोजतो तो जमिनीपासून आकाशापर्यंतच्या संपूर्ण हवेतला गढूळपणा. तो आकडा 1 आला, तर डोक्यावर असलेल्या सूर्याचा सुमारे 37 टक्केच प्रकाश सरळ खाली पोहोचतो. परंतु हा गढूळपणा तीन किलोमीटर उंचीवर आहे की तुमच्या तुळशी वृंदावनाजवळ, हे त्या आकड्यातून कळत नाही. अ‍ॅपमध्ये आकड्याखाली केंद्राचे नाव आणि अंतर दिलेले असते, ते आधी पाहा. आकडा खऱ्या यंत्राचा असेल, तर 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची 24 तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची 15, हे लक्षात ठेवून वाचा. आणि तो 24 तासांचा आकडा असेल, तर सकाळच्या दोन तासांचा धूर दिवसभराच्या सरासरीत बुडून जातो, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : चांदोलीच्या बाजूला दरवर्षी कोणीतरी गवत पेटवते. उपग्रहचित्रावरून आग लावणारा सापडेल का?
– एक वाचक, शिराळा

उत्तर : नाही. सेंटिनेलच्या चित्रातला सर्वात लहान चौकोन 10 मीटरचा असतो. त्यात गोठाही धड दिसत नाही, तर माणूस कोठून दिसणार? आग साधारण कोणत्या दिवशी, कोणत्या उताराकडून चढत गेली आणि पायवाटेजवळ सुरू झाली की मध्येच, एवढे सांगता येते. पुढची चौकशी वनखात्याला चालत जाऊनच करावी लागेल.